हिरवट वटवट्या : एका जातीचीं दोन टोकें



आज ज्या पक्ष्याविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, तो दरवर्षीं पावसाळा सरतां सरतां आपल्या गांवांतील झाडांवर उतरतो, सहा-सात महिने मुक्काम करतो आणि ऐन उन्हाळा तापूं लागला कीं निघून जातो. तरीहि त्याचें नांव विचारलें, तर दहांतले नऊ जण मान हालवतील. यांत आपला फारसा दोष नाहीं. पक्षी अवघा चार इंच लांब. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळाहि भरत नाहीं. पाठीवर मळकट हिरवा रंग, पोटाकडे पांढुरका, डोळ्यावरून गेलेली एक फिकट पट्टी आणि पंखावर एक बारीक अस्पष्ट रेघ, एवढेंच त्याचें सारें भांडवल. मोराचा पिसारा नाहीं, कोकिळाचा पंचम नाहीं. आंब्याच्या पालवींत तो एकदां शिरला, म्हणजे पान हाललें कीं पक्षी हालला, हें सांगणें कठीण.

या कुळांतील पक्ष्यांना मराठींत वटवट्या म्हणतात, आणि आजचा आपला नायक म्हणजे हिरवट वटवट्या. शास्त्रज्ञांनीं त्याच्या गोत्राला ‘फायलोस्कोपस’ असें नांव दिलें आहे. पान आणि निरीक्षक अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तें बनलें आहे. पर्णनिरीक्षक! हें नांव त्याला शोभतें. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत हा एकेक पान वरून, खालून, बाजूनें तपासतो आणि त्यावरील बारीक किडे, अळ्या व कोळी टिपतो. एखाद्या कारकुनानें सरकारी वहीचें पान न् पान पाहावें, तसा त्याचा उद्योग चालतो.

हिवाळ्यांतील त्याचें वागणें मोठें करारी असतें. ट्रेव्हर प्राइस या पक्षिशास्त्रज्ञानें पूर्व घाटांत त्याच्या हिवाळी जीवनाचा अभ्यास केला. तो १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं, हे पक्षी परमुलखांत थव्याथव्यानें दिवस कंठीत नाहींत. एकेक पक्षी आपापल्या झाडांची हद्द आंखून घेतो आणि तेथें दुसऱ्या भाऊबंदाला पाऊल टाकूं देत नाहीं. हा पहारा ‘ची-वी’ अशा दोन अक्षरी तीव्र हांकेनें चालतो. ही हांक आपण पुणें-मुंबईच्या बागांत शेंकडों वेळां ऐकली असेल. पण हें त्याचें गाणें नव्हे. गाणें तो राखून ठेवतो तें उन्हाळ्यांतील घराकरितां. तें घर पाहावयाचें तर आपल्याला बरेंच दूर जावें लागेल. आणि आजची खरी कथा तेथेंच आहे.

आतां आशियाचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. मध्यभागीं तिबेटचें विस्तीर्ण पठार आहे. त्याची सरासरी उंची सुमारें ४,५०० मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार फूट. थंड, कोरडें, वाऱ्यानें झोडपलेलें आणि बहुतेक ठिकाणीं वृक्षहीन. त्याच्या उत्तरेस तक्लामकान आणि गोबी हीं वाळवंटें. ज्याचें सारें आयुष्य पानांवर अवलंबून, त्या पक्ष्यानें अशा प्रदेशांत कसें राहावें? म्हणून हिरवट वटवट्या या उजाड प्रदेशाच्या कडेकडेनें, जेथें जेथें रानें आहेत तेथें तेथें वस्ती करून राहिला आहे. नेपाळमधील हिमालयापासून निघून आपण पश्चिमेकडे चाललों, तर हिमाचल आणि काश्मीर लागतात; पुढें मध्य आशियांतील तिएनशान पर्वत, मग अल्ताई आणि मग सैबेरियाचीं अफाट रानें. त्याच नेपाळांतून आपण उलट, पूर्वेकडे चाललों, तर सिक्कीम, भूतान, मग चीनमधील सेचवानचे डोंगर. तेथून उत्तरेस मंगोलियाच्या वरचा प्रदेश, बैकल सरोवर आणि पुन्हा सैबेरिया. दोन्ही वाटा शेवटीं येनिसे नदीच्या आसपासच्या रानांत एकमेकींना मिळतात. एका प्रचंड थाळीच्या कांठाभोंवतीं मुंग्यांची रांग लागावी, तसा हा पक्षी तिबेटच्या भोंवतीं वलयाकार पसरला आहे.

या वलयांत सर्वत्र त्याचें राहणीमान साधारण एकच. हिमालयांत तो ३,००० मीटरच्या मागेंपुढें भूर्जवृक्षांच्या व सूचिपर्णी झाडांच्या रानांत वीण घालतो. उत्तरेकडे जसजशी थंडी वाढते, तसतशीं हीं रानें खालच्या उंचीवर मिळूं लागतात. घरटें बहुधा जमिनीवर किंवा दरडीच्या खोबणींत, शेवाळाचें, वरून छत असलेलें आणि बाजूनें दार ठेवलेलें. अंडीं पांढरीं, ठिपक्यांवांचून. घर एक, पोशाख जवळजवळ एक, उद्योग एक. परंतु संपूर्ण एक मात्र नाहीं.

आपल्याकडे म्हणतात कीं दर बारा कोसांवर भाषा बदलते. सावंतवाडीचा मनुष्य आणि नागपूरचा मनुष्य एकत्र आले, तर दोघांच्या बोलण्याची ढब निराळी आहे हें लहान मूलहि ओळखील. पण सावंतवाडीहून पायीं निघून गांवोगांव मुक्काम करीत जर कोणी नागपुरास गेला, तर ‘येथें ती भाषा संपली आणि ही सुरू झाली’ असा खांब त्याला रस्त्यांत कोठेंहि रोवलेला आढळणार नाहीं. प्रत्येक गांवाचें शेजारच्या गांवाशीं नीट जमतें. भेद वाढतो तो इतक्या सावकाश कीं, वाटसरूच्या तो ध्यानांतहि येत नाहीं. हिरवट वटवट्याच्या वलयांतहि असेंच घडलें आहे. हिमालयांतून पश्चिमेस जातां जातां रंगांत, पंखांवरील रेघेंत आणि मुख्यतः गाण्यांत थोडथोडा फरक पडत जातो. पूर्वेस जातांनाहि फरक पडत जातो, परंतु निराळ्या तऱ्हेचा.

आणि येनिसेच्या रानांत हीं दोन टोकें समोरासमोर येतात. पश्चिमेच्या वाटेनें आलेल्या पक्ष्याच्या पंखावर एक रेघ असते, पूर्वेकडून आलेल्याच्या पंखावर ठळक अशा दोन. रान तेंच, झाडेंहि तींच. परंतु एकाचा नर आणि दुसऱ्याची मादी जवळजवळ कधींच संसार मांडीत नाहींत. हे दोघे दोन निराळ्या जातींप्रमाणें एकमेकांजवळून उडून जातात.

येथें ‘जात’ हा शब्द मी निव्वळ प्राणिशास्त्राच्या अर्थानें वापरीत आहें, हें सांगावयास नको. जात म्हणजे काय, याची जी व्याख्या अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ सालच्या ग्रंथामुळें सर्वमान्यतेस चढली, तिचा आशय असा : निसर्गांत ज्यांचे एकमेकांत शरीरसंबंध होऊन वंश चालतो ते सर्व प्राणी एका जातीचे, ज्यांचा तसा चालत नाहीं ते निराळ्या जातीचे. कसोटी सोपी व स्वच्छ आहे. आतां ती येथें लावून पाहा. येनिसेच्या कांठीं उभे राहिलां, तर जाती दोन. पण वलयाच्या वाटेनें चालत गेलां, तर प्रत्येक वस्तीचें शेजारच्या वस्तीशीं गोत्र जुळतें, म्हणजे जात एक. एकाच पक्ष्यास एकाच वेळीं एक आणि दोन म्हणावें लागतें! पक्ष्यांच्या याद्या करणाऱ्या पंडितांतहि म्हणूनच एकमत नाहीं. कोणी पूर्वेकडील पक्ष्याला स्वतंत्र जातीचा मान देतात, कोणी देत नाहींत.

या कोड्याचा उलगडा करण्याचा प्रथम मान क्लॉड टाइसहर्स्ट या इंग्रज डॉक्टराकडे जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत लष्करी वैद्य म्हणून तो कराचीस होता आणि सिंधमधील पक्ष्यांवर त्यानें विस्तृत लेखन केलें. वटवट्यांच्या या गोत्रावरील त्याचा ग्रंथ १९३८ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनें प्रसिद्ध केला. कपाटांत जपून ठेवलेलीं पक्ष्यांचीं कातडीं एकामागून एक पाहतां पाहतां त्याला हें वलय दिसलें. त्यानें असें अनुमान बांधलें कीं, हा पक्षी मूळचा दक्षिणेकडील, हिमालयाच्या बाजूचा असावा. तेथून तो पठाराच्या दोन अंगांनीं हळूहळू उत्तरेकडे पसरला, वाटेंत बदलत गेला, आणि हजारों वर्षांनीं जेव्हां दोन शाखांची पुन्हा गांठ पडली, तेव्हां त्या एकमेकींना परक्या झाल्या होत्या. तीन वर्षांनीं, १९४१ सालीं, टाइसहर्स्ट निवर्तला. त्याच्या अनुमानाची प्रत्यक्ष रानांत परीक्षा होण्यास पुढें जवळजवळ साठ वर्षें जावीं लागलीं.

ही परीक्षा घेतली डॅरन आयर्विन या शास्त्रज्ञानें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यानें वलयाभोंवतीं ठिकठिकाणीं जाऊन या पक्ष्यांचीं गाणीं यंत्रावर उतरवून घेतलीं. मनालीच्या रानांत, नेपाळांत, चीनमधील एमेइ पर्वतावर, किर्गिझस्तानांत आणि सैबेरियांत असा त्याचा प्रवास झाला. रेडिओ ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याच्या कामांतील मौज विशेष कळेल, कारण येथें सारा न्यायनिवाडा कानांनीं करावयाचा होता. त्याला असें आढळलें कीं, हिमालयांतील गाणें आंखूड आणि साधें असतें. तेच थोडे स्वर, तीच पुनरावृत्ति. तेथून उत्तरेकडे जावें, तसें गाणें लांबत जातें आणि गुंतागुंतीचें होतें. पूर्वेच्या वाटेवरहि लांबतें, पश्चिमेच्या वाटेवरहि लांबतें. पण दोन्हीकडची बांधणी निराळी. एकाच साध्या चिजेपासून निघून दोन घराण्यांनीं आपापली गायकी वाढवावी आणि शेवटीं एकाच्या दर्दी श्रोत्याला दुसऱ्याच्या गाण्यांत कांहींच रस वाटूं नये, तसा हा प्रकार आहे.

हें रसिकत्वहि त्यानें तपासून पाहिलें. रानांत ध्वनिवर्धक ठेवून त्यावर गाणें वाजवावयाचें आणि त्या हद्दीचा धनी काय करतो तें पाहावयाचें, अशी ही रीत. आपल्याच जातीच्या नराचें गाणें ऐकूं आलें, म्हणजे धनी खवळून धांवत येतो. परक्या जातीचें असलें, तर तिकडे लक्षहि देत नाहीं. येनिसेच्या बाजूला पश्चिमेच्या नरानें पूर्वेच्या गाण्याची दखल घेतली नाहीं, पूर्वेच्या नरानें पश्चिमेच्या गाण्याची घेतली नाहीं. वैर करण्याइतकीहि ओळख उरली नव्हती! आयर्विन, बेन्श आणि प्राइस यांनीं हे निष्कर्ष २००१ सालीं ‘नेचर’ या साप्ताहिकांत मांडले. उत्तरेस गाणें गुंतागुंतीचें कां होतें, याविषयीं त्यांचा तर्क असा कीं, उत्तरेच्या रानांत किडामुंगी विपुल आणि उन्हाळा आंखूड, त्यामुळें नराला हद्दीच्या भांडणापेक्षां मादीचें मन वळविण्यास अधिक गावें लागतें. आणि मादीची आवड प्रत्येक बाजूला आपापल्या दिशेनें गेली.

दोन शाखांना दूर ठेवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा आपल्याशीं प्रत्यक्ष संबंध येतो. सैबेरियांत थंडी पडूं लागली, म्हणजे दोघांनाहि दक्षिणेस यावयाचें असतें. पण मध्यें तें उजाड पठार आडवें पडलेलें. पश्चिमेचा पक्षी पठाराला पश्चिमेकडून वळसा घालून हिंदुस्थानांत उतरतो. पूर्वेचा पक्षी पूर्वेकडून वळसा घालून ब्रह्मदेशापलीकडील सयाम व हिंदी-चीनकडे जातो. शिशिरांत आपल्या आंब्यावर ‘ची-वी’ करणारा पाहुणा हा वलयाच्या पश्चिम अंगाचा, आणि त्यांतले कांहीं तर थेट फिनलंडच्या रानांतून आलेले असतात. आतां अशा दोन निरनिराळ्या वाटांच्या पक्ष्यांना मिश्र संतति झाली, तर तिनें कोणती वाट धरावी? तिची उपजतबुद्धि जर मधली दिशा दाखवूं लागली, तर ती सरळ पठारावर जाऊन उपाशी मरेल. अशा संततीचा टिकाव लागणें कठीण, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

येथवरची कथा फारच सुबक आहे; आणि निसर्गाच्या कथा फार सुबक वाटूं लागल्या, म्हणजे त्या पुन्हा तपासाव्या. २०१४ सालीं आयर्विन व त्याच्या सहकाऱ्यांनीं या पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा, म्हणजे डी. एन. ए. चा, पूर्वींपेक्षां कितीतरी सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसलें कीं, हें वलय आज बरेंचसें अखंड दिसत असलें, तरी पूर्वीं तें एकाहून अधिक ठिकाणीं तुटलें होतें. पश्चिम हिमालयांतहि दीर्घकाळ दोन शाखा एकमेकींपासून अलग पडल्या होत्या. उलट, येनिसेच्या बाजूला ज्यांना आपण पूर्ण परके समजत होतों, त्यांचाहि क्वचित् संबंध घडून आल्याच्या खुणा सांपडल्या.

म्हणजे टाइसहर्स्टचें अनुमान फसलें काय? मला तसें वाटत नाहीं. उलट, कथा अधिक अर्थपूर्ण झाली आहे. पाहा, दोन ठिकाणीं ताटातूट झाली आणि दोन्ही ठिकाणीं पुनर्भेट झाली. पश्चिम हिमालयांत अलग पडलेल्या शाखा पुन्हा भेटल्या, तेव्हां त्यांनीं एकमेकींना ओळखलें. आज तेथें विस्तृत पट्ट्यांत त्यांची सरमिसळ चालू आहे. सैबेरियांत भेटल्या, तेव्हां ती ओळख बहुतांशीं पुसून गेली होती. तेव्हां दोन जाती होतात त्या केवळ दूर गेल्यानें नव्हे. पुन्हा भेट होईपर्यंत काय काय बदललें, आणि भेट झाली त्या दिवशीं एकाचें गाणें दुसऱ्याला गाणें वाटलें कीं नाहीं, यावर तें ठरतें.

डार्विननें १८५९ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यानें स्वतःच एक आक्षेप उपस्थित केला होता. एका जातीपासून दुसरी जर सावकाश निर्माण झाली, तर मधल्या पायऱ्या आपल्याला सर्वत्र कां दिसत नाहींत? त्याच्या उत्तराचा एक भाग असा कीं, मधल्या पायऱ्या कालाच्या ओघांत नष्ट झाल्या. आपल्याला जाती सुट्या, स्वच्छ सीमा असलेल्या दिसतात, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें कीं मधले साक्षीदार आज हयात नाहींत. हिरवट वटवट्याचें महत्त्व येथें आहे. त्याचे साक्षीदार अजून जिवंत आहेत. जें इतरत्र लाखों वर्षांच्या काळांत पसरलेलें आणि म्हणून अदृश्य, तें येथें नकाशावर पसरलेलें आहे, आणि पायांनीं चालून पाहतां येतें.

आतां कल्पना करा कीं हिमालयांतील रानें उद्यां नाहींशीं झालीं आणि त्यांबरोबर तें साधें, आंखूड गाणेंहि नाहींसें झालें. सैबेरियांतील दोन्ही पक्ष्यांना त्यानें कांहींएक अपाय होणार नाहीं. ते पूर्ववत् गातील, वीण घालतील. मात्र त्या दिवसापासून ते वादातीत दोन जाती होतील, आणि त्यांचें मूळचें नातें दाखविणारे जिवंत पुरावे जगांत उरणार नाहींत. ही केवळ कल्पना नव्हे. उत्तर चीनमध्यें आजहि या वलयांत एक मोठें खिंडार आहे. तेथें मनुष्यानें पूर्वीं जी जंगलतोड केली, तिच्यामुळें तें पडलें असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. तेथील वस्ती कशी गात होती, हें आतां कोणीहि ऐकूं शकणार नाहीं.

एकंदर संख्येनें पाहतां हा पक्षी आज धोक्यांत नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. पण रान तोडणें म्हणजे अमुक इतके पक्षी कमी होणें एवढाच हिशेब आपण मांडतों, तो अपुरा आहे. एखाद्या पक्ष्याचे हजारों जीव सुखरूप राहूनहि त्याच्या इतिहासाचें एखादें पान कायमचें फाटून जाऊं शकतें. आणि दोन परक्यांचें मूळ एक होतें, हें सांगणारें पान फाटावें, यासारखी हानि नाहीं.

यंदा भाद्रपद-आश्विनांत पाऊस उघडला, म्हणजे सकाळीं खिडकीशीं क्षणभर थांबून कान द्या. आंब्याच्या, पिंपळाच्या किंवा बाभळीच्या शेंड्यांतून ‘ची-वी’ अशी तीव्र हांक आली, तर समजा, पाहुणा पोंचला. तो सहजासहजीं दिसणार नाहीं. त्याचा शोध घेतांना मान दुखून येईल. पण पाऊण तोळ्याचा हा जीव हजारों मैलांचा वळसा घालून आला आहे, आणि याचा एक दूरचा भाऊ, ज्याला हा आतां ओळखत नाहीं, त्याच वेळीं पठाराच्या दुसऱ्या अंगानें दक्षिणेकडे निघालेला आहे, एवढें ध्यानीं ठेवलें, तरी ती दोन अक्षरी हांक आपणांस पूर्वींसारखी क्षुल्लक वाटणार नाहीं.